काचेमागे कोण बसलं होतं

बाई,

परवा कॉलेजात तुमची शोकसभा झाली. भाऊसाहेब अध्यक्ष होते. दुसरं कोण असणार? संस्थेचे सचिव तेच, तुमच्या फोटोला हार घालणारे तेच आणि माईकवर आधी फुंकर मारून बघणारेही तेच. म्हणाले, "या जिल्ह्यात समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बाईंनी सुरू केला. विद्यापीठाची मान्यता बाईंनी खेचून आणली. संस्था हे उपकार विसरणार नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. मला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. पहिल्या तुकडीतली मी एकटीच अशी आहे जिच्याकडे ती पदविका नाही.

तुमच्या आजाराबद्दल ते बोलले, साध्या राहणीबद्दल बोलले. त्यात मला काही भर घालायची नाही. माझं तुमच्याशी भांडण अर्धं राहिलं आहे आणि तुम्ही मध्येच उठून गेलात. म्हणून लिहिते आहे.

मी सिंदी रेल्वे या गावची. वडिलांचं पायाने चालवायचं छपाईचं ट्रेडल मशीन होतं. सभेची, संपाची, कापसाच्या भावाची पत्रकं त्यावर निघायची. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवरच. आणीबाणीत वडिलांनी मशीनवर पोती टाकून ठेवली होती, तेव्हा घरात कोणीतरी आजारी पडल्यासारखं वाटायचं. अशी मुलगी पॅसेंजरने वर्ध्याला येऊन तुमच्या वर्गात बसली. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, इथे का आलीस? मी म्हणाले, शोषितांच्या मनातली गुलामी उखडून टाकायला.

"काऊन वं सिंदीवाले, हे कोनाचं वाक्य हाय?"

"माझं."

"नाही. हे भिंतीवरचं आहे. तुझं सापडलं की सांग. दोन वर्षं आहेत आपल्याकडे."

वर्ग हसला. मी रागाने लाल झाले. वर्गात तुम्ही पुस्तकातलं बोलायच्या आणि टोचायचं असलं की तुमची आर्वीकडची वऱ्हाडी बोलायच्या. हे मला पुढे कळलं.

तेव्हा कोर्सला मान्यता नव्हती. आधी प्रवेश द्यायचे, फी घ्यायची आणि मग मान्यतेच्या मागे लागायचं, ही आपल्या संस्थांची रीत. आम्ही सगळ्या जणी अशा लटकत होतो. मान्यता आली तर शाळेत, दवाखान्यात, कुठेतरी मार्गदर्शक म्हणून नोकरी. नाही आली तर दोन वर्षं बोर नदीच्या पाण्यात. विद्यापीठाच्या अटी तुम्ही फळ्यावर लिहिल्या होत्या आणि महिनाभर पुसल्या नव्हत्या. पूर्णवेळ प्राध्यापक, संदर्भग्रंथ, मानसिक चाचण्यांचं साहित्य, प्रत्येक विद्यार्थिनीचं देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम, बोलण्यासाठी बंद खोली. आणि त्या खोलीला लागून निरीक्षणकक्ष, मध्ये एकतर्फी काच. काचेच्या या बाजूने आरसा दिसतो, त्या बाजूने खिडकी. आतल्या माणसाला कळत नाही की कोणी बघतं आहे.

मी त्या अटींवर तुटून पडले. म्हणाले, मान्यता देणारे हे कोण? यांना कोणी मान्यता दिली? गावात बायका एकमेकींचं ऐकतातच ना, त्यांना कुठलं विद्यापीठ परवानगी देतं?

तुम्ही खडू खाली ठेवलात. "डॉक्टरला आधी मढ्यावर हात चालवू देतात. आपल्याकडे मढं नाही. आपण सरळ जित्या माणसावर शिकतो. तू चुकलीस तर रक्त दिसणार नाही, म्हणून चुकलीस हे तुला कळणारही नाही. कोणीतरी बघत असलंच पाहिजे. मला या अटी जास्त वाटत नाहीत, कमी वाटतात."

तुमच्यावर राग धरायला मी इतकी वर्षं जे जे शोधलं, त्यात ही एक जागा अशी आहे की तिथे तुम्ही बरोबर होता आणि मी फक्त मोठ्याने बोलत होते.

तुम्ही आम्हाला गावात नेलंत. एसटीने सेलूकडे, तिथून पायी. कोणाच्या ओट्यावर तूर निवडणं चाललं असेल तर तुम्ही सूप ओढून घ्यायच्या आणि आम्हालाही बसवायच्या. "बाईमानूस रिकाम्या हातानं दुख सांगत नाही. हात कामाले लाव, मंग तोंड उघडते." तासभर कोणी काही बोलायचं नाही. मग कोणीतरी सुपातल्या तुरीला सांगितल्यासारखं सांगायला लागायचं. परत येताना तुम्ही माझ्या चुका काढायच्या. एकदा म्हणालात, "ऐकताना तुझे ओठ हलतात. ती बोलते तेव्हा तू उत्तर रचत असतेस. पत्रकाला समोर माणूस लागत नाही, भिंत पुरते." तो बोल मला फार लागला. त्या दिवसापासून मी ओठ दातांखाली धरून ऐकायला शिकले. बाई, मला कोणी काही सांगतं ते याचमुळे. हे तुमचं देणं मी नाकारत नाही.

शेवंता आली ती स्वतःहून. हे तिचं खरं नाव नाही. खरं नाव आणि गाव इथे येणार नाही. बोर धरणाकडच्या एका गावात आपण जायचो, तिथली ती माहेरवाशीण. ओट्यावर ती कधी बोलली नाही. एक दिवस आपल्या मागे मागे एसटीच्या थांब्यापर्यंत आली आणि म्हणाली, "बाई, मले दार लावून बोलाचं हाय." म्हणून आपण तिला कॉलेजातल्या खोलीत बोलावू लागलो. ती माझ्यासमोर बसायची, तुम्ही काचेमागे. तुम्ही तिला पहिल्याच दिवशी काच दाखवलीत, मागची अंधारी खोली दाखवलीत आणि सांगितलंत की मी इथे बसते, ही पोरगी अजून शिकते आहे. ती आत जाऊन त्या खोलीत उभी राहिली, काचेतून खुर्च्या बघितल्या आणि म्हणाली, "मंग ठीक हाय. तुमीच ना?" तुम्ही म्हणालात, "मीच."

सासरचं आडनाव विचारायचं नाही, हा तुमचा नियम होता. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. चांगला नियम होता.

एप्रिलात समिती येणार असं ठरलं. भाऊसाहेबांना या कोर्सला उपदेशाचा कोर्स म्हणायची सवय होती. ते तुमच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, आपल्या क्लार्कची बायको हाय ना, थे चांगली बोलते. तिले बसवून देऊ. दोन आसवं काढीन, काम होऊन जाईन." तुम्ही सरळ नाही म्हणालात. म्हणालात, नाटक दाखवून मान्यता घेणार असाल तर मी त्या दिवशी येत नाही. मला त्या वेळी तुमचा इतका अभिमान वाटला होता की मी सिंदीच्या गाडीत अनोळखी बायकांनाही ते सांगितलं.

मग शेवंताला बसवायचं ठरलं. मी विचारलं, तिला समितीबद्दल कोण सांगणार? तुम्ही म्हणालात, "तिचं मी बघते. तू फक्त ऐक." हे शब्द, बाई. भांडण इथून सुरू होतं.

त्या दिवशी वीज गेली. एप्रिलात आपल्याकडे वीज जाणारच. बोलण्याच्या खोलीला खिडकी नव्हती, वर एक झरोका होता, तेवढ्या उजेडात आम्ही बसलो. शेवंता माझ्यासमोर, तिचं तोंड काचेकडे. माझी पाठ काचेला. पलीकडे काय झालं ते मला नंतर शिपायाने सांगितलं. पाहुणे आत आले, खोली अंधारी, पंखा बंद, घामाच्या धारा. भाऊसाहेब ओरडले, "पाहुन्यायले काय अंधारात बसवतं रे? लोक काय म्हनतीन?" आणि त्यांनी त्या खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघडायला लावल्या. टेबल आणलं. आलुबोंडे आले, मठ्ठा आला. आपल्याकडे पाहुणा अंधारात घाम गाळत बसला तर घराची अब्रू जाते. तिथल्या एकाही शिकलेल्या माणसाला सुचलं नाही की काचेची ताकद काचेत नसते, अंधारात असते. जिकडे उजेड तिकडचा माणूस दिसतो. खिडक्या उघडल्या आणि काच फिरली. त्यांना आरसा झाला आणि आम्हाला खिडकी.

शेवंता तेव्हा बोलत होती. पहिल्यांदाच तिने ते वाक्य पूर्ण उच्चारलं होतं, "मी आता तिकडं नाई जात. मारून टाकलं तरी नाई जात. माह्या जिवाले तिथं..." आणि ती थांबली. मी ओठ दाबून वाट बघत होते. मला वाटलं, रडू येत असेल. मग ती उठली, पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थोरल्या माणसांसमोर सून उभी राहते, तशी.

मी मागे वळले. काचेत एक सफारीवाला गृहस्थ आमच्याकडे रोखून बघत होता आणि बोटाने मिशीवरची चटणी पुसत होता. त्याला आम्ही दिसत नव्हतो, तो स्वतःला बघत होता. त्याच्यामागे दोघे खात होते. त्यांच्या शेजारी ताट हातात धरून भाऊसाहेब. आणि तुम्ही कोपऱ्यात मठ्ठ्याचे पेले भरत होता. एका विभागाची प्रमुख बाई, आणि पेले भरत होती.

भाऊसाहेब तिच्या सासऱ्याचे मावसभाऊ निघाले. आवाजासाठी वर जाळी होती. त्यांनी पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं.

मी किंचाळल्यावर तुम्ही धावत आलात. शेवंताने तुमच्याकडे बघितलं नाही. भिंतीलाच म्हणाली, "तुमीच म्हनल्या होत्या ना, बाई?" एवढंच. आणि तोंड न वळवता, भिंतीच्या कडेकडेने, दारातून निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात तिच्या माहेरी बैठक बसली. सासरची माणसं आली, पानसुपारी झाली आणि तिला घेऊन गेली. समितीचा अहवालही आला. सगळ्या अटी समाधानकारक. खोली आहे, काच आहे, ग्रंथ आहेत. शेरा एकच होता: निरीक्षणकक्षात पंखा बसवावा.

मी तुमच्या खोलीत आले. तुम्ही अहवाल वाचून संपवला होता.

"तुम्ही तिला का सांगितलं नाही?"

"सांगणार होते. तिला घ्यायला फाटकाशी गेले, तेवढ्यात समितीची गाडी आली. मग हे आणा, ते आणा."

"फाटकापासून खोलीपर्यंत सांगता आलं असतं."

"हो."

"मग?"

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. "सांगितलं असतं तर ती कदाचित बसली नसती. आणि त्या सगळ्या पोरी व्हरांड्यात उभ्या होत्या."

तुम्ही खोटं बोलला नाहीत, एवढं खरं. पण मला तेव्हा वाटलं, क्लार्कच्या बायकोचं नाटक परवडलं असतं. नाटकात कोणाचं माहेर गेलं नसतं. हे मला आजही वाटतं.

मी म्हणाले, मान्यता परत करा. विद्यापीठाला लिहा काय घडलं ते. तुम्ही म्हणालात, "परत केली तर ती परत येईल काय? आणि या पोरींनी काय करायचं, सांग." मी परीक्षेला बसले नाही. वडिलांच्या मशीनवर पत्रक छापलं आणि कॉलेजच्या भिंतीवर चिकटवलं. तुम्ही उभ्याने पूर्ण वाचलंत, सगळ्यांसमोर. मला वाटलं, फाडाल. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "यात भाऊसाहेब हाय, समिती हाय, मी हावो. ती कुठं हाय वं?"

मी म्हणाले, "तिला तुम्ही घालवलंत."

त्यानंतर आपण एकदाच बोललो. सिंदीच्या फलाटावर. तुम्ही नागपूरला विद्यापीठात निघाला होता, गाडी बराच वेळ थांबून होती. तुम्ही खिडकीतून सांगितलंत की आता काचेवर जाड काळं कापड टाकलं आहे. देखरेख करायची तर तुम्ही उघडपणे त्याच खोलीत खुर्ची टाकून बसता आणि येणाऱ्याला सांगता, मी ऐकून राह्यली हावो. अटींमध्ये एक कलम घालावं म्हणून विद्यापीठाकडे मागणी केली आहे: आपलं बोलणं कोण ऐकणार हे माणसाला आधी नावानिशी सांगावं, आणि नको म्हटलं तर थांबावं. दरवर्षी मागता, दरवर्षी उत्तर येत नाही.

मी विचारलं, "समिती येते तेव्हा कापडाला काय म्हणते?"

"तेव्हा काढून ठेवते."

"म्हणजे?"

"एक दिवस त्यांचा. बाकीचं वर्ष आपलं. गेल्या वेळी कापड बघून म्हणाले, सुविधा वापरात नाही, मान्यता काढू. मग काय करू?"

"काढू द्या."

"तू एकटी असलीस की असं म्हणता येतं, सिंदीवाले."

गाडी हलली. मी काहीतरी ओरडले, ते तुम्हाला ऐकू आलं की नाही, माहीत नाही. नसेलच आलं तर बरं.

आज त्या कोर्समधून शिकलेल्या मुली जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत. त्यातल्या दोघी मला माहीत आहेत, चांगलं काम करतात, माणसाला आधी सांगतात, मग विचारतात. ते त्या तुमच्याकडून शिकल्या, कुठल्या अटीतून नाही. हे मी मान्य करते. आणि तरीही अटींमध्ये पंख्याचा समावेश झाला आणि तुमच्या कलमाचा नाही. शोकसभेत भाऊसाहेबांनी पंख्याखाली उभं राहून तुमची स्तुती केली. मला तुमच्यावर राग आहे की त्यांच्यावर, हे मला तिथे नीट ठरवता येईना. त्यांच्यावर राग धरणं सोपं आहे. पत्रकात तोच येतो. तुमच्यावरचा राग कुठे छापता येत नाही, कारण त्यात तुम्ही मला शिकवलेलंच सगळं आहे.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी कारंजा घाडगेला गेले. शेवंता बाजाराच्या दिवशी तिथे येते, हे मला तिच्या भावाकडून कळलं होतं. हमरस्त्याच्या कडेला, ट्रक उभे असतात तिथल्या कडुनिंबाखाली ती पिशवी सावरत बसली होती, एसटीची वाट बघत. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"बाई गेल्या," मी सांगितलं.

"मेल्या काय?" ती म्हणाली. "वाईट झालं. आता शिव्या देयाले बी कोनी नाई राह्यलं."

मग मी तिला आधी सगळं सांगितलं. मी बाईंवर लिहिणार आहे. ते मासिकात छापून येणार आहे. भाऊसाहेबांच्या घरी ते मासिक येतं. तू जे बोलशील त्यातलं तू सांगशील तेवढंच लिहीन, आणि काही बोलायचं नसेल तर आपण नुसत्या बसू. तिने माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

"मंग आदी मले सोचू दे."

एक एसटी आली आणि गेली. ती त्यात चढली नाही.

"हे लिव," ती म्हणाली. "बाई आलत्या मले भेटाले. घरी आलत्या. मी आतमंदीच होती. पोराले सांगाले लावलं, माय वावरात गेली म्हून. त्या ओसरीत बसून राह्यल्या बराच वेळ, मंग गेल्या."

"त्यांना कळलं का, तू आत आहेस?"

"कळलंच असंन. माह्या बांगड्या वाजत होत्या ना." ती किंचित हसली. "आनि हे बी लिव. त्यायनं मले सांगितलं असतं, हे अशे अशे लोकं हायेत, तं मी बसलीच असती. पोरीयचं भलं होत होतं तं काऊन नसती बसली? तिकडची गोष्ट नसती काढली फक्त. डोकं दुखते म्हनलं असतं. त्यायले काय, त्यायले तं बोंडेच खायाचे होते."

बाई, तुम्ही म्हणाला होता की सांगितलं असतं तर ती कदाचित बसली नसती. ती बसली असती. व्हरांड्यातल्या पोरींना मान्यता मिळाली असती आणि तीही तिच्या माहेरी राहिली असती. तुम्ही तिला विचारलं नाहीत, म्हणून तुम्हाला ते कळलं नाही. इतकी वर्षं तुम्ही ते ओझं एका चुकीच्या हिशोबाने वाहिलंत आणि आता ते सांगायला मी उशिरा आले आहे.

मग ती पुढे बोलली. घरात काय चालतं, आता कसं आहे, ती काय ठरवून बसली आहे, सगळं. मी ओठ दाबून ऐकलं. संध्याकाळची एसटी आली तेव्हा ती उठली, पिशवी काखेत मारली आणि म्हणाली, "हे आताचं नको लिवू. हे तुह्यापाशीच राहू दे."

तेवढं मी लिहिलेलं नाही. ते मला माहीत आहे, बाई. आणि ते मी तुम्हालासुद्धा सांगणार नाही.